पॉलिमर-लेपित स्थिर प्रावस्था : एका प्रचलित कृतीची चिकित्सा

म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे आणि हुणसूर या भागात सिगारेटच्या तंबाखूचे पीक घेतले जाते. तंबाखूच्या पानातील निकोटिन जवळजवळ पूर्णपणे एस-रूपात असते. कृत्रिमरीत्या बनवलेले निकोटिन मात्र एस आणि आर या रूपांचे समान मिश्रण असू शकते. नेहमीच्या सी-18 कॉलमवर ही दोन्ही रूपे एकत्रच बाहेर पडतात. ती वेगळी करण्यासाठी कायरल कॉलम लागतो. असे अनेक कॉलम सिलिकावर पॉलिसॅकराइडाचा लेप देऊन तयार करतात. म्हणजे निष्कर्षाची विश्वासार्हता शेवटी त्या लेपावर अवलंबून असते.

पाठ्यपुस्तकातील कृती सहसा दोन ओळींत संपते : पॉलिमर द्रावकात विरघळवा, त्यात सिलिका मिसळा, द्रावक उडवून द्या. जपानमधील ओकामोटो व सहकाऱ्यांनी 1984 मध्ये सेल्युलोजच्या कार्बामेट साधितांचा लेप असलेल्या प्रावस्था मांडल्या, त्यांचा गाभाही हाच. कृती चुकीची नाही, पण तिच्यात तीन गोष्टी गाळलेल्या असतात.

पहिली गोष्ट छिद्रांची. समजा 1 ग्रॅम सिलिकाचे पृष्ठफळ 300 चौ. मीटर आहे आणि त्यावर 0.25 घ. सें.मी. पॉलिमर बसवले. भागाकार केल्यास लेपाची सरासरी जाडी सुमारे 0.8 नॅनोमीटर येते. 10 नॅनोमीटर व्यासाच्या छिद्राला ती सहज पेलेल असे वाटते. पण 200 ग्लुकोज एककांची साखळी ताणली तर तिची लांबी सुमारे 100 नॅनोमीटर भरते. ती अरुंद छिद्रात शिरण्याऐवजी त्याचे तोंड बंद करण्याचीच शक्यता जास्त. म्हणून येथे सुमारे 100 नॅनोमीटर छिद्रांची सिलिका वापरतात. कागदावरची सरासरी बरोबर असली, तरी तिच्यावरून लेप कुठे बसला ते कळत नाही. नायट्रोजनच्या टक्केवारीवरून लेपाचे प्रमाण काढणाऱ्या चाचणीलाही हीच मर्यादा आहे.

दुसरी गोष्ट वाळवण्याची. द्रावक उडू लागला की उरलेले द्रावण कणांच्या स्पर्शबिंदूंपाशी गोळा होते. घाई केली तर कण एकमेकांना चिकटतात, कॉलम असमान भरतो आणि शिखरे पसरतात. म्हणून द्रावण थोडे थोडे घालणे आणि सावकाश फिरवत वाळवणे हा कृतीचा मुख्य भाग आहे.

तिसरी गोष्ट टिकाऊपणाची. लेप केवळ भौतिक बलांनी धरलेला असतो. टेट्राहायड्रोफ्युरान किंवा क्लोरोफॉर्म चल प्रावस्थेत आले, तर लेप फुगतो किंवा धुऊन जातो. ज्या द्रावकाने लेप घातला, तोच त्याचा शत्रू ठरतो! यावर उपाय म्हणजे पॉलिमर सिलिकावर स्थिर बांधणे. त्यामुळे द्रावकाची निवड मोकळी होते, पण काही संयुगांच्या बाबतीत निवडक्षमता थोडी घटते.

असाच सौदा झिर्कोनियावरील पॉलिब्युटाडाइनच्या लेपातही दिसतो. पेरॉक्साइड घालून तापवल्यावर साखळ्या आडव्या जोडल्या जातात आणि सिलिका विरघळेल अशा तीव्र अल्कधर्मी माध्यमातही कॉलम टिकतो. तरीही लेपाखालचा झिर्कोनिया पूर्ण झाकला जात नाही. त्यावरील लुईस-आम्ल स्थाने कार्बोक्झिलेटांना धरून ठेवतात, म्हणून चल प्रावस्थेत फॉस्फेट घालावे लागते.

तेव्हा लेपाची कोणतीही कृती वाचताना तीन प्रश्न विचारा : आधाराची छिद्रे साखळीला पुरेशी आहेत का, द्रावक कसा काढला आणि लेप कोणत्या द्रावकात टिकतो? ज्या कृतीत यांची उत्तरे नाहीत, ती पाठ करून परीक्षेत गुण मिळतील. तिच्या बळावर निकोटिनच्या नमुन्याविषयी निर्णय देता येणार नाही.