केनेडी, एड्रिएन
केनेडी, एड्रिएन : (जन्म १३ सप्टेंबर १९३१). अमेरिकन प्रयोगशील नाटककर्त्री. जन्म पिट्सबर्ग येथे एका सुशिक्षित कृष्णवर्णीय कुटुंबात. बालपण क्लीव्हलंडमध्ये गेले. ओहायओ स्टेट विद्यापीठाची पदवी तिने १९५३ मध्ये घेतली. १९६०-६१ मध्ये ती घानात असताना काँगोचे नेते पात्रीस लूमुंबा यांची हत्या झाली. *फनीहाउस ऑफ अ नीग्रो* ही एकांकिका याच प्रवासकाळात आकारली. एडवर्ड ऑल्बीच्या कार्यशाळेतून ती रंगभूमीवर आली (१९६४) व तिला ओबी पारितोषिक मिळाले.

ह्या एकांकिकेत सारा ह्या तरुणीची व्यक्तिरेखाच दुभंगून विखुरते. राणी व्हिक्टोरिया, हॅप्सबर्गची डचेस, येशू आणि लूमुंबा ही सारी तिचीच रूपे. तीच ती वाक्ये त्यांच्या मुखांतून फिरत राहतात. गळणाऱ्या केसांची प्रतिमा तर विलक्षण भयकारी आहे. गौरवर्णीय संस्कृतीची ओढ आणि तिच्याकडून वाट्याला आलेली अवहेलना यांचा मेळ साराला घालता येत नाही, म्हणूनच कथानकही एकसंध राहत नाही. केनेडीच्या नाट्यरचनेला निव्वळ स्वप्ननाट्याचे तंत्र म्हणणे त्यामुळे अपुरे ठरते. *अ मूव्ही स्टार हॅज टू स्टार इन ब्लॅक अँड व्हाइट* (१९७६) मध्ये बेटी डेव्हिस आदी चित्रतारका क्लाराचे आयुष्य बोलून दाखवितात; खुद्द क्लाराच्या वाट्याला किरकोळ भूमिका येते. ही कल्पना मोठी मार्मिक आहे.

*ओहायओ स्टेट मर्डर्स* (१९९२) मधील निवेदन संथ, जवळजवळ व्याख्यानासारखे आहे. किंबहुना त्यामुळेच त्यातील जुळ्या मुलींच्या हत्या अधिक हादरवितात. ब्रॉडवेवर आलेले तिचे हे पहिलेच नाटक. तो योग २०२२ मध्ये, तिच्या वयाच्या ९१ व्या वर्षी आला.