'थंड म्हणून जड': एक अपुरे वाक्य

सागरप्रवाहांच्या धड्यात बहुधा एक वाक्य असते: ध्रुवाकडील पाणी थंड, म्हणून जड, म्हणून ते बुडून तळाने विषुववृत्ताकडे वाहते. वाक्य अगदी खोटे नाही. पण आर्क्टिक समुद्राला लावून पाहिले की ते अडखळते. तेथे गोठण्याच्या बेताला आलेले पाणी वर असते आणि सुमारे दीडशे-दोनशे मीटर खाली अटलांटिकमधून आलेले, शून्य अंशाहून उबदार पाणी! नान्सेन यांच्या 'फ्राम' जहाजावर 1893 ते 1896 मध्ये, बर्फात अडकून वाहत जाताना, हा उबदार थर मोजला गेला.

वाक्यातून मीठ गळाले, हा खरा दोष. सायबेरियातील नद्यांचे गोडे पाणी वर पसरते. खालचे पाणी उबदार असूनही जास्त खारे, म्हणून जड. शून्याजवळ तापमान थोडे बदलल्याने समुद्राच्या पाण्याची घनता फारशी बदलत नाही, क्षारतेने मात्र बदलते. समुद्र गोठताना बर्फाबाहेर टाकले जाणारे अतिखारट पाणीही खाली जाते.

धाटावच्या मुलांना हे परके वाटू नये. त्यांची कुंडलिका रोह्याच्या पुढे खाडी होते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते. खाडीत नदीचे गोडे पाणी वर राहू पाहते, भरतीचे खारे पाणी त्याच्या खालून आत शिरते. येथे थंडीचा काय संबंध?

वर्गात दोन काचेचे पेले घ्यावेत. एकात साधे पाणी, दुसऱ्यात लिटरला 35 ग्रॅम या प्रमाणात मीठ घातलेले. दोन्हींत रंगीत बर्फाचा एकेक खडा अलगद सोडावा. साध्या पाण्यात रंगाच्या धारा तळाशी उतरतात. खाऱ्या पाण्यात रंग वरच साचतो. वितळलेले पाणी दोन्हीकडे सारखेच थंड असते, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

ग्रीनलंडचा बर्फ वितळला तर काय होईल, असे विचारल्यास पुस्तकी वाक्य पाठ केलेला मुलगा 'पाणी अधिक बुडेल' असे सांगेल. शास्त्रज्ञांची चिंता नेमकी उलट आहे: हे गोडे पाणी वर पसरून उत्तर अटलांटिकमधील पाण्याचे बुडणेच मंदावेल. म्हणूनच स्वालबार्डजवळ भारताने 2014 मध्ये समुद्रात सोडलेले 'इंडआर्क' हे उपकरण तापमानाबरोबर क्षारताही मोजण्यासाठी होते.

भिंतीवरच्या आयताकृती नकाशाबद्दलही तक्रार आहेच. 1881 मध्ये सायबेरियाच्या उत्तरेस बुडालेल्या 'जीनेट' जहाजाचे अवशेष 1884 मध्ये ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर सापडले. बर्फाची ही वाट त्या नकाशाच्या वरच्या कडेवर तुटते. पृथ्वीगोल कपाटातून काढावा.