भूदृश्य, दैवते आणि संग्रहालयाची भिंत : मशे-लाँग प्रदर्शनाच्या निमित्ताने

२००३ साली जर्मनीतील डसेलडॉर्फच्या म्युझियम कुन्स्ट पालास्टमध्ये वारली चित्रकार जिव्या सोमा मशे आणि ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कलाकृती ‘डायलॉग’ या शीर्षकाखाली एकत्र मांडण्यात आल्या. ही भेट आकस्मिक नव्हती. पॅरिस येथे १९८९ साली भरलेल्या ‘मॅजिसियाँ द ला तेर’ (धरतीचे जादूगार) या प्रदर्शनात दोघांचाही सहभाग होता; त्याचे सूत्रधार ज्याँ-ह्युबेर मार्तँ हेच पुढे डसेलडॉर्फच्या संग्रहालयाचे प्रमुख झाले. पॅरिसमध्ये लाँग यांचे चिखलाचे भव्य वर्तुळ भिंतीवर आणि ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे भूमिचित्र त्याच्या पायथ्याशी, अशी मांडणी होती व तिच्यावर टीकाही झाली. डसेलडॉर्फला दोन नावे समान पातळीवर आली, हे त्या प्रदर्शनाचे श्रेय नि:संशय होय. परंतु ज्या साम्याच्या आधारे ती एकत्र आली, ते साम्य तपासून पाहणे आवश्यक आहे.

वर्तुळ, रेषा आणि माती ही सामग्री दोघांनाही समान आहे. लाँग यांनी १९६७ साली गवतावरून पुन:पुन्हा चालत जाऊन उमटलेल्या रेषेचे छायाचित्र घेतले आणि चालणे हीच कलाकृती ठरवली. मशे शेणाने सारवलेल्या कापडावर पांढऱ्या रंगाने काम करीत. रूपाचे हे साम्य दालन सजवण्यास पुरेसे असले, तरी समीक्षेस पुरेसे नाही. लाँग यांच्या भूदृश्याला रिकामेपणाची गरज असते. चालणारा निघून गेलेला असतो, मागे केवळ खूण राहते. मशे यांच्या चित्रात निघून गेलेले कोणीच नाही. तेथे क्षितिज नाही, पाहणाऱ्याची ठरावीक जागाही नाही. तारपावादकाभोवती नाचणाऱ्यांची साखळी वेटोळे घेते, तिच्या बाहेर शेत, झाडे, मुंग्यांची रांग असते. मासेमारीच्या जाळ्याची त्यांची चित्रे या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत. पाणी वेगळे रंगवलेले नसते. जाळ्याची अतिसूक्ष्म वीण आणि तिच्यातील मासे यांतूनच ते सूचित होते. येथे भूदृश्य म्हणजे निसर्गशोभा नव्हे, तर हाताने केलेले काम होय.

दैवतांचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. विवाहप्रसंगी सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात पालघट देवी विराजमान असते, तर पंचशिर्या देवाला वेगळा लहान चौक असतो. पाच शिरांचा देव पाहून संग्रहालयातील प्रेक्षक त्याला अद्भुत प्राण्यांच्या वर्गात टाकणार, हे स्वाभाविक आहे. पण वारली चित्रभाषेत अद्भुतासाठी निराळी रेषा नाही. ज्या रेषेने कणगी काढायची त्याच रेषेने देव. वाघोबा हा पूजेचा देव आहे आणि रानातला वाघही. येथे कल्पना ही एकट्या कलावंताची खाजगी मिळकत नसून समाजाने मान्य केलेले ज्ञान आहे.

मात्र एवढ्यावरून मशे यांना अनामिक परंपरेत विलीन करणे अन्यायाचे होईल. (आपल्याकडील पुष्कळसे कौतुक हेच करते.) चौक लिहिण्याचा अधिकार स्त्रियांचा, मशे यांनी विधीबाहेर, नित्यनेमाने चित्रे काढली. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने त्यांच्यातील गुण ओळखला. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री हा पुढचा प्रवास सर्वज्ञात आहे. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

विधीपासून तुटल्यावर देवीचे काय होते, हा आक्षेप गंभीर आहे. धवलेरी गाते तेव्हाच चौकाला अर्थ येतो. संग्रहालयाच्या भिंतीवर लग्न लागत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, चौक जसाच्या तसा कापडावर उतरतो तेथे रेषा कुशल राहते, पण चित्र मुके होते. मशे यांची बलस्थाने जाळे, वारूळ, भातशेती आणि कथाचित्रे यांत आहेत. कारण तेथे विधीची उणीव श्रमाची लय भरून काढते.

ही लय हरवली की काय उरते, हे पाहण्यास डसेलडॉर्फला जाण्याचे कारण नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत कापडाच्या दुकानांतून पडदे, चादरी, ओढण्या यांवर तारपा नाचणारी माणसे समान अंतरावर छापलेली आढळतात. साखळी तुटलेली, तारपावादक बहुधा गायब, पायाखाली जमीन नाही. दुकानदार त्याला ‘वारली डिझाइन’ म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. मशे यांचे पुत्र सदाशिव आणि बाळू हेही चित्रकार आहेत. त्यांच्या चित्रांचा विचार करताना सुबकतेपेक्षा प्रथम हे पाहावे लागेल की आकृतींच्या मधली जागा भरलेली आहे, की केवळ मोकळी सोडलेली आहे.