वणव्यातून उठणाऱ्या मेघांचे छायाचित्रण : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

मोठ्या वणव्यावर धुराचा स्तंभ उठतो आणि त्याच्या माथ्यावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखा पांढराशुभ्र मेघ आकार घेतो. जागतिक हवामान संघटनेने २०१७ साली आपल्या आंतरराष्ट्रीय मेघसंग्रहाच्या नव्या आवृत्तीत अशा मेघाला ‘फ्लॅमाजेनिटस’ हे नाव दिले. शास्त्रज्ञांमध्ये ‘पायरोक्युम्युलस’ ही संज्ञा रूढ आहे, तर याच मेघाचे गडगडाटी मेघात रूपांतर झाल्यास त्यास ‘पायरोक्युम्युलोनिम्बस’ म्हणतात. प्रस्तुत लेखात सोयीसाठी दोहोंना ‘अग्निमेघ’ म्हटले आहे. गेल्या दोन दशकांत अग्निमेघांची असंख्य छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि निसर्गाचे भव्य दर्शन म्हणून त्यांचे कौतुक झाले. हे कौतुक अपुरे आहे, आणि हा अपुरेपणा केवळ नैतिक नसून आस्वादाचाही आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

अग्निमेघाची घडण

कालिदासाने ‘मेघदूता’त मेघाला धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा समुच्चय म्हटले आहे. अग्निमेघाच्या बाबतीत ते शब्दशः खरे ठरते. वणव्याच्या उष्णतेने हवा वेगाने वर चढते, प्रसरण पावून थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे धूलिकण व धूम्रकणांभोवती सांद्रीभवन होते. त्यातून मुक्त होणारी उष्णता त्या हवेला आणखी वर ढकलते. म्हणून या छायाचित्रांतील रंग वाचावे लागतात. तळाचा तपकिरी भाग धुराचा असतो, तर वरचा पांढरा भाग जलबिंदूंचा आणि हिमकणांचा असतो. मेघाच्या कडा जितक्या रेखीव, तितका आतील ऊर्ध्वप्रवाह जोमदार. अशा मेघातून पडणाऱ्या विजेने नवे वणवे लागू शकतात आणि त्यातून खाली झेपावणारे वारे आगीची दिशा अकस्मात बदलू शकतात. म्हणजे ज्या क्षणी छायाचित्रकाराला मेघ सर्वांत सुंदर दिसतो, बहुधा तोच क्षण खाली असणाऱ्यांसाठी सर्वांत धोक्याचा असतो. हा निव्वळ योगायोग नाही. त्या सौंदर्याचे आणि त्या धोक्याचे कारण एकच आहे.

भूमी वगळण्याची परंपरा

मेघांच्या छायाचित्रणाला कलेची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांचे नाव अग्रगण्य आहे. १९२२ पासून त्यांनी मेघांची छायाचित्रे काढली आणि पुढे ती ‘इक्विव्हॅलंट्स’ या मालिकेच्या नावाने ओळखली गेली. त्यांतील बहुतेक चित्रांत क्षितिज नाही, झाड नाही, घर नाही. भूमी वगळल्यामुळेच मेघ हा कलावंताच्या भावावस्थेचे प्रतिरूप होऊ शकला. साध्या मेघाच्या बाबतीत ही पद्धत समर्थनीय आहे, कारण तो आकाशाचाच असतो. अग्निमेघाचे कारण मात्र भूमीवर आहे. तेथे भूमी वगळली की मेघाचा अर्थच वगळला जातो. अग्निमेघांच्या आजच्या लोकप्रिय छायाचित्रांनी स्टिग्लिट्झ यांची चौकट तेवढी उचलली, तिच्यामागील प्रयोजन उचलले नाही.

कॅमेऱ्याची तीन स्थाने

पहिले स्थान शहराचे. २६ ऑगस्ट २००९ रोजी लॉस एंजेलिसजवळील राष्ट्रीय वनक्षेत्रात ‘स्टेशन फायर’ हा वणवा सुरू झाला. त्यात १,६०,००० एकरांहून अधिक क्षेत्र जळाले. ३० ऑगस्टला दोन अग्निशामक जवानांचा मृत्यू झाला. त्या दिवसांतील अनेक छायाचित्रांत शहरातील उंच इमारतींच्या मागे प्रचंड अग्निमेघ उभा दिसतो. या चित्रांचे बळ त्यांच्या प्रमाणात आहे. इमारतींमुळे मेघाची उंची कळते आणि मनुष्यवस्ती चौकटीत राहते.

दुसरे स्थान विमानाचे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ‘नासा’चे डीसी-८ हे संशोधन विमान वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागातील ‘विल्यम्स फ्लॅट्स’ वणव्याच्या अग्निमेघातून गेले. सुमारे ३०,००० फुटांवरून शास्त्रज्ञ डेव्हिड पीटरसन यांनी टिपलेले छायाचित्र विख्यात आहे. त्यात प्रामुख्याने धूर, मेघ आणि मावळतीचा सूर्य आहे. सर्वत्र पसरलेला सोनेरी-नारिंगी प्रकाश धूम्रकणांमुळे झालेल्या प्रकाशाच्या विकिरणाचा परिणाम आहे. हा वणवा कोल्व्हिल या मूलनिवासी जमातींच्या राखीव क्षेत्रात लागला होता. मूळ प्रकाशनात चित्राबरोबर स्थळ, वेळ, उंची आणि कारणमीमांसा दिलेली होती. ती ओळ गळाली, की हेच चित्र एका रम्य सायंकाळचे चित्र होऊन जाते.

तिसरे स्थान उपग्रहाचे. २०१९ च्या डिसेंबरअखेरीस आणि २०२० च्या जानेवारीच्या आरंभी आग्नेय ऑस्ट्रेलियात अग्निमेघांचा अभूतपूर्व उद्रेक झाला आणि त्यांचा धूर स्थितांबरात पोहोचला. उपग्रहचित्रांनी या घटनेची व्याप्ती जगाला दाखवली. परंतु ३० डिसेंबर २०१९ रोजी न्यू साउथ वेल्समधील जिंगेलिक येथे आगीतून उठलेल्या प्रचंड वावटळीने अग्निशामक वाहन उलटले आणि एक स्वयंसेवक मृत्युमुखी पडला. एवढ्या उंचीवरून ते वाहन दिसत नाही. अंतर जसे वाढते तशी व्याप्ती कळते, पण माणूस लोपतो.

रसदृष्टीने विचार

भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त प्रत्येक रसाला वर्ण सांगितला आहे. अद्भुताचा पीत, भयानकाचा कृष्ण आणि करुणाचा कपोत, म्हणजे पारव्यासारखा करडा. या संकेताने पाहू जाता सोनेरी प्रकाशामुळे आपण अद्भुत अनुभवतो, काळ्या धूम्रस्तंभामुळे भयानकही अनुभवतो. करुणाचा करडा वर्ण मात्र राखेचा आहे, आणि राख जमिनीवर असते. चौकटीतून भूमी गेली की करुणही जातो. शिवाय, भयाच्या कारणापासून प्रेक्षक सुरक्षित अंतरावर असल्याने भयानकाचेही रूपांतर विस्मयात होते. या चित्रांचा आस्वाद एकरसी होतो तो असा.

एक आक्षेप

सौंदर्यामुळेच लोकांचे लक्ष वेधले जाते, मग त्याला दोष का द्यावा, असा आक्षेप येथे संभवतो. सुझन सोनटॅग यांनी ‘ऑन फोटोग्राफी’ (१९७७) या ग्रंथात दुःखाच्या प्रतिमांच्या अतिपरिचयाने संवेदना बोथट होते असे मांडले होते. २००३ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी स्वतःच त्या मताचा फेरविचार केला. तेव्हा सुंदर चित्र नाकारावे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. अशा छायाचित्रांचा संशोधनाला उपयोग होतो, हे पीटरसन यांच्या उदाहरणावरून स्पष्टच आहे. म्हणणे इतकेच, की सौंदर्याने वेधलेले लक्ष कोठे न्यायचे, ही जबाबदारी छायाचित्रकार, संपादक आणि समीक्षक या तिघांची आहे.

निष्कर्ष

१. अग्निमेघाच्या छायाचित्राचे मूल्यमापन केवळ आकार, रंग आणि प्रकाश यांवर करणे अपुरे आहे. मेघाची घडण समजल्याविना त्या आकाराचा अर्थ लागत नाही.

२. कॅमेरा कोठे उभा होता, हा तांत्रिक तपशील नसून समीक्षेचा पहिला प्रश्न आहे.

३. चौकटीत भूमी आणणे शक्य नसेल तेव्हा छायाचित्राखालील ओळ हा त्या कलाकृतीचाच भाग मानला पाहिजे.

वर्गात छायाचित्र शिकविताना आपण ‘काय दिसते’ असे विचारतो. अग्निमेघाच्या बाबतीत ‘याच्याखाली काय जळत आहे’ हेही विचारले, तरच विद्यार्थ्याने ते चित्र खऱ्या अर्थाने पाहिले असे म्हणता येईल.