वनस्थिती अहवाल : हिरव्या रंगात काय काय मावते?

भारतीय वन सर्वेक्षण ही देहरादूनची संस्था साधारणपणे दर दोन वर्षांनी देशाचा वनस्थिती अहवाल काढते. पहिला अहवाल १९८७ साली निघाला. २०२३ चा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात देशाचे वनाच्छादन ७,१५,३४३ चौ. किमी., म्हणजे भूभागाच्या २१.७६ टक्के दिले आहे. हा आकडा आपण वर्गात सांगतो. त्यात काय काय मोजले जाते, हेही सांगायला हवे. अमरावती जिल्हा त्यासाठी उत्तम उदाहरण आहे.

अहवालाची व्याख्या अशी : जमीन किमान एक हेक्टर असावी आणि तिचा निदान १० टक्के भाग झाडांच्या पर्णछत्राखाली असावा. जमीन कोणाची, झाड कोणते, हे पाहायचे नाही. फळबागाही यात येतात. १० ते ४० टक्के पर्णछत्र असेल तर विरळ वन, ४० ते ७० टक्के असेल तर मध्यम घनदाट.

आता वरुड-मोर्शीकडची संत्र्याची बाग घ्या. दोन झाडांत सहा मीटर अंतर, म्हणजे प्रत्येक झाडाच्या वाट्याला ३६ चौ. मीटर जमीन. झाडाचा घेर चार मीटर व्यासाचा असेल, तर तो सुमारे १२.६ चौ. मीटर जमीन झाकतो, म्हणजे ३५ टक्के. झाले विरळ वन! व्यास पाच मीटर झाला, की प्रमाण ५४ टक्क्यांवर जाते आणि बाग मध्यम घनदाट वनाच्या वर्गात बसते. विद्यार्थ्यांकडून हे गणित फळ्यावर जरूर करून घ्यावे.

नकाशा होतो तो लिस-३ या कॅमेऱ्याच्या प्रतिमांवरून. तिचा एक ठिपका २३.५ मीटरचा. प्रतिमा मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या घेतात. आकाश निरभ्र असते आणि पानेही झाडावर असतात. पण त्या वेळी मेळघाटचा सागही हिरवा, संत्राही हिरवा. एप्रिलमधली प्रतिमा घेतली, तर संत्रा हिरवा राहतो, पण निष्पर्ण सागवन आणि उलंगलेले कपाशीचे शेत सारखेच भुरे दिसू लागते.

येथे रडार उपयोगी पडते. रडार स्वतःच सूक्ष्मलहरी सोडते आणि त्यांचा प्रतिध्वनी मोजते. त्याला ऊन लागत नाही, ढगही अडवत नाहीत. सुमारे २४ सेंमी. लांबीच्या लहरी पाने-डहाळ्या ओलांडून खोडांपर्यंत पोहोचतात. दोन्ही प्रतिमा एकत्र वाचल्या, की उलगडा होतो. भुरे, पण प्रतिध्वनी जोरकस : सागवन. भुरे आणि प्रतिध्वनी क्षीण : मोकळे शेत. हिरवे, पण प्रतिध्वनी तुलनेने क्षीण : ठेंगण्या झाडांची बाग. हिरवे आणि जोरकस : नाल्याकाठची आंबा-जांभळाची दाट राई.

अहवालकर्त्यांना रडार ठाऊक नाही, असे नाही. इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्रासोबत त्यांनी रडारवरून जैवभाराचा अंदाज काढला. आसाम व ओडिशाचे निष्कर्ष २०१९ च्या, तर देशाचे २०२१ च्या अहवालात आले. मात्र रडार त्या प्रकरणापुरतेच राहिले. वनाच्छादनाचा मुख्य नकाशा प्रकाशीय प्रतिमांवरच उभा आहे. आमचा आक्षेप इथे आहे.

रडारलाही मर्यादा आहेत. चिखलदऱ्यासारख्या खोल दऱ्यांत उताराची एक बाजू छायेत जाते, तर दुसरी दबून दिसते. पावसाने जमीन ओली झाली, की प्रतिध्वनी वाढतो. म्हणून प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करावीच लागते.

आणि उपकरण कितीही चांगले असले, तरी व्याख्येतला दोष ते दुरुस्त करणार नाही. मेळघाटातले शंभर हेक्टर सागवन गेले आणि वरुडला शंभर हेक्टर बागा वाढल्या, तर जिल्ह्याच्या एकूण बेरजेत काहीच घडलेले दिसणार नाही. नोंदणीकृत वनक्षेत्राच्या आतले आणि बाहेरचे आकडे अहवाल राज्यवार देतो, हे चांगलेच आहे. तसे ते जिल्हावार द्यावेत आणि फळबागांचा रकाना वेगळा करावा.

भारत-अमेरिकेचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून सुटला. त्याचे २४ सेंमी. लहरींचे रडार दर बारा दिवसांनी तोच भूभाग टिपण्यासाठी आहे. साधन हाताशी आले आहे. आता बाग आणि वन ही दोन नावे वेगळी लिहिण्याची तयारी हवी.