पाहिलेली नक्षी

दिवाळीत आपल्या दारापुढे जी कला पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत पायांखाली पुसली जाते, तिच्या वाटेला टीकाकार सहसा जात नाहीत. कादंबरी वाईट निघाली तर चार जण लिहितात; रांगोळी वाईट निघाली तर शेजारीण फार तर म्हणते, "यंदा घाई झाली वाटतं!" मी स्वतः कादंबऱ्या लिहिते आणि येरवड्याच्या एका शाळेत मुलांना मराठी शिकवते. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सौंदर्यशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही. पण परीक्षकाच्या खुर्चीत बसून मी एकदा चूक केली, आणि त्या चुकीने मला या विषयापाशी आणून सोडले. म्हणून हे धाडस.

अलीकडे नक्षी काढता काढता मन शांत करण्याचा एक छंद आपल्याकडे आला आहे. त्यातल्या एका पद्धतीचे नाव झेंटँगल. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या दांपत्याने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती बसवली. साडेतीन इंचांचा चौरस कागद, त्यावर पेन्सिलीची एक सैल रेघ, आणि त्या रेघेने पडलेल्या कप्प्यांत शाईने भरत जायच्या लहान लहान नक्ष्या. खोडरबर नाही, रेघ चुकली तर तिलाच नक्षीत सामावून घ्यायचे. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मला त्याचे पुस्तक दिले. ते चाळून मला जे प्रथम सुचले ते कोणालाही सुचेल : यात नवे ते काय? आमच्या आज्या हेच तर करीत आल्या!

हे म्हणणे खरे आहे, आणि आळशीही आहे. खरे अशासाठी, की 'पंधरा ते आठ'ची रांगोळी घ्या. मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर आणि खाली एकेक कमी करीत ८ पर्यंत. सगळे मिळून १६९. शिरगोळ्याची पूड चिमटीतून सोडत हे ठिपके सरळ ओळीत टाकायचे तर श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. तेवढा वेळ घरातले कटकटीचे विषय उंबऱ्याच्या आत थांबतात. यापेक्षा वेगळी एकाग्रता ती कोणती? आणि आळशी अशासाठी, की 'आमच्याकडे हे होतेच' असे म्हटले म्हणजे आज आपण काय करतो आहोत हे पाहण्यातून सुटका होते. आज आपण चाळणीचा साचा उचलतो, छिद्रांची नळी फिरवतो, नाही तर चिकटवायची रांगोळी विकत आणतो. तिकडच्या पुस्तकात नावे दिलेल्या, पायऱ्या पाडून दाखवलेल्या नक्ष्या असतात, तशाच आपल्या रांगोळीच्या पुस्तकांतही. हात दोन्हीकडे चालतो. प्रश्न आहे तो डोळ्यांचा.

आता माझी चूक सांगते. शाळेत दिवाळीआधी रांगोळीची स्पर्धा होती. मी परीक्षक. प्रत्येकीला फरशीवर दोन फुटांचा चौकोन आखून दिलेला. पहिला क्रमांक मी एका मोराला दिला. मोर पुस्तकातला होता, पण रंग नीट भरले होते. एका मुलीने रंग घेतलाच नव्हता. पांढऱ्या रेघांची तिरकी जाळी चौकोनभर, आणि जाळीच्या प्रत्येक घरात एक ठिपका. एका बाजूच्या सहासात घरांत मात्र ठिपके नव्हते. मी कागदावर लिहिले, 'मध्य नाही. अपूर्ण.' दहापैकी चार गुण.

स्पर्धा संपल्यावर ती केरसुणी घेऊन आली तेव्हा मी सहज विचारले, "वेळ पुरला नाही का गं? ठिपके राहिले."

"राहिले नाहीत, बाई," ती म्हणाली. "आम्ही भेटीला जातो ना, तिथली जाळी आहे. बाबा येईपर्यंत मी भोकं मोजते. जिथं ठिपके नाहीत, तिथं बाबांचं तोंड येतं."

येरवड्यात 'भेटीला जातो' याचा अर्थ विचारावा लागत नाही. मी काही बोलले नाही. तिने रांगोळी झाडून टाकली.

बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ च्या ग्रंथात सौंदर्याचा उलगडा लयीच्या तत्त्वांनी केला : संवाद, विरोध आणि समतोल. ही तीन तत्त्वे रांगोळीला जितकी चपखल बसतात तितकी कादंबरीलाही बसत नाहीत. त्या जाळीवर लावून पाहा. सारख्या घरांचा संवाद होता. रिकाम्या घरांचा विरोध होता. आणि तो विरोध एका बाजूला असूनही रचना कलंडत नव्हती. मर्ढेकरांच्या कसोटीनेसुद्धा मला ती उत्तीर्ण करावी लागली असती. पण त्या कसोटीने एक गोष्ट सांगितली नसती : तो विरोध आला कुठून? तो पुस्तकातून येऊच शकत नव्हता. एका लाकडी बाकावर बसून, दुसरे पाहण्यासारखे काही नाही म्हणून, तिने जे पुन्हा पुन्हा पाहिले त्यातून तो आला.

नंतर एका रविवारी मला जिव्या सोमा मशे यांच्या चित्राची आठवण झाली. डहाणू तालुक्यातल्या या वारली चित्रकाराला २०११ साली पद्मश्री मिळाली; २०१८ साली ते गेले. लग्नाचा चौक भिंतीवर लिहिण्याचे काम मूळचे बायकांचे. मशे रोज चित्र काढू लागले आणि ते भिंतीवरून कागदा-कापडावर आले. त्यांनी मासे धरायचे जाळे अनेकदा रंगवले. चित्रभर जाळेच पसरते, बारीक बारीक टिंबारेघांचे. पाहणारा त्यात हरवतो. पण चित्रकार हरवलेला नाही, त्याला जाळे कसे विणतात ते ठाऊक आहे. आमच्या येरवड्यातच डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जोर्वे संस्कृतीची तीन हजार वर्षांपूर्वीची भांडी आहेत. १९६८ ते १९८३ या काळात या संस्थेने घोड नदीकाठचे इनामगाव खणले, तिथेही ही मंडळी नांदत होती. तांबड्या मडक्यांवर काळ्या रेघा : समांतर पट्टे, आत तिरप्या रेघांनी भरलेले शंकरपाळ्यासारखे चौकोन. मला त्यांत टोपलीची वीण दिसते. हा माझा तर्क. पण रोज हाताखाली येणारी वस्तूच रेघ होऊन मडक्यावर चढली असावी, असे वाटल्याखेरीज राहत नाही.

कोणी म्हणेल, मग परंपरेने आलेली नक्षी गिरवणे व्यर्थ का? माझ्या सासूबाईंनी जन्मभर गोपद्मेच काढली. त्यांना मी काय म्हणू? पण त्यांच्या दारात गाय होती. पावसाने मऊ झालेल्या मातीत उमटलेले खूर त्या पाहत आणि मग गोपद्म काढत. चैत्रांगणात तुळस, फणी, करंडा, पाळणा येतात ते घरातूनच उठून आलेले असतात. परंपरा म्हणजे पूर्वी कोणीतरी पाहिलेले. आपण पुन्हा पाहिले तर ती जिवंत, नुसती गिरवली तर साचा.

म्हणून नक्षीने मिळणाऱ्या शांतीविषयी माझे मत असे झाले आहे. ती दोन प्रकारची असते. एक विसरण्याची, ती तयार नक्षी भरूनही मिळते, आणि दमलेल्या माणसाला ती हवी असेल तर मी नावे ठेवणार नाही. दुसरी, समोरचे टळत नाही म्हणून ते नीट पाहून धरून ठेवण्याची. त्या मुलीची जाळी दुसऱ्या जातीची होती. भोके मोजून तिचे दुःख कमी झाले असेल असे मी म्हणत नाही. ते तिच्या हातात मावेल एवढे झाले, इतकेच.

ही कसोटी मी माझ्या कादंबऱ्यांनाही लावली. एका कादंबरीत पावसाची चार पाने आहेत. समीक्षकांनी त्यांची तारीफ केली होती. ती पाने मी चार जणांचे पाऊस वाचून लिहिली. माझ्या पत्र्यावरचा पाऊस त्यांत नाही. म्हणजे मीही मोरच काढला होता.

त्या वर्षीचा निकाल मी बदलला नाही. फळ्यावर लागलेला निकाल बदलण्याचे धैर्य झाले नाही, हे कबूल करते. मात्र तेव्हापासून आमच्या स्पर्धेच्या गुणपत्रकात मी एक रकाना वाढवून घेतला आहे : 'कुठे पाहिले?' मुली आधी गोंधळतात, मग सांगू लागतात. गेल्या वर्षी एकीने सायकलच्या चाकाच्या तारा काढल्या होत्या, एकीने आईने कापलेल्या कोबीचा आडवा छेद. मोर एकीनेच काढला. तिला मी विचारले, कुठे पाहिलास? ती म्हणाली, पुस्तकात. तिला मी गुण दिले, आणि पुढच्या रविवारी मोर पाहून ये असे सांगितले.