बचतीचा संकेतार्थ

ऊर्जा-दक्षतेच्या प्रकल्पांना भांडवल कोठून मिळावे आणि संबंधितांना त्यात कसे सामील करावे, याविषयीचे मराठी लेखन बहुतांशी परिपत्रके, निविदा आणि माहितीपुस्तिका यांच्या रूपात आढळते. त्यातील आकड्यांची तपासणी होते. भाषेची व्हावी तशी होत नाही. वस्तुतः या प्रकल्पांतील मुख्य तंटा भाषेच्याच पोटात दडलेला आहे.

प्रथम ‘भागधारक’ हा शब्द घ्यावा. कंपनीच्या व्यवहारात भागधारक म्हणजे ज्याने पैसा गुंतविला व ज्याला मताचा अधिकार आहे तो. हाच शब्द आता, ज्याच्या रस्त्यावरचा दिवा बदलावयाचा त्या नागरिकालाही लावला जातो. त्याच्याजवळ भाग नाही आणि मतही नाही. ‘हितधारक’ हा पर्याय त्यापेक्षा बरा, एवढेच. अधिक बोलके आहे ते पुढचे क्रियापद : ‘सहभागी करून घेणे’. येथे संस्था हा कर्ता आणि नागरिक हे कर्म. ज्याच्या सहभागाचा गौरव करावयाचा, त्याला वाक्यरचनेनेच निष्क्रिय ठरविले आहे.

परंतु नामांच्या निवडीपेक्षा क्रियापदाच्या अर्थाचा प्रश्न मोठा आहे. ‘अर्थ’ येथे व्याकरणातील घ्यावयाचा. गिरणीला दिलेल्या कर्जातून कापड निघते व ते मोजता येते. ऊर्जा-दक्षतेच्या कर्जातून निघते ती न जळलेली वीज. मीटरवर वापर दिसतो, बचत दिसत नाही. ‘जुने दिवे राहिले असते, तर इतकी वीज लागली असती’ हे वाक्य मान्य झाले, तरच बचत अस्तित्वात येते. म्हणजे कर्जफेडीचा सारा डोलारा एका संकेतार्थी वाक्यावर उभा असतो, आणि त्यातील ‘जर’चा खंड जो लिहील, तोच हप्त्याचा आकडाही ठरवील.

जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमाची मांडणी अशीच होती. केंद्राच्या विद्युत उपक्रमांनी २००९ मध्ये स्थापिलेल्या एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस या कंपनीने भांडवल घालावयाचे आणि नगरपालिकांनी बचतीतून ते फेडावयाचे. समजा, १५० वॅटचे दहा सोडियम दिवे काढून ७० वॅटचे दहा एलईडी बसविले. रात्री ११ तास दिवे चालतात असे धरल्यास कागदावरची बचत वर्षाला सुमारे ३,२०० युनिट होते. पण जुन्या दहांपैकी तीन दिवे आधीच बंद असतील, तर नगरपालिकेच्या बिलात उतरणारी घट १,४०० युनिटांच्या आसपासच भरेल. दोन्ही आकडे खरे आहेत. त्यांतील ‘जर’ भिन्न आहेत. उरलेली बचत नाहीशी झालेली नाही. तीन काळोख्या जागी पडलेल्या उजेडाच्या रूपाने ती नागरिकाला मिळाली. मात्र उजेडाने हप्ता फिटत नाही, आणि मुख्याधिकाऱ्याने लेखापरीक्षकाला काय सांगावे, हा प्रश्न उरतोच. कोणते दिवे कधीपासून बंद होते, हे ज्याला ठाऊक असते तो आळीतला रहिवासी आणि पालिकेचा तारतंत्री. बैठकीचे निमंत्रण त्यांना यावयाचे तर ते दिवे बसविण्यापूर्वी यावयास हवे. उद्घाटनाच्या वेळी त्यांच्या साक्षीचा काही उपयोग नाही.

घरगुती एलईडीच्या ‘उजाला’ योजनेत ही अडचण जाणवली नाही, याचे कारण तेथील संकेत लहान होता : एक दिवा, एक घर, एक बिल. शिवाय घाऊक खरेदीची किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आल्याने बिलातून हप्ते घेण्याची गरजच ओसरत गेली. त्या यशावरून इतर क्षेत्रांविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरेल.

कृषिपंपांचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा परिसरात ऊर्जा दक्षता ब्युरोच्या पुढाकाराने दोन हजारांहून अधिक पंप बदलण्याचा प्रायोगिक प्रकल्प झाला. ज्या शेतकऱ्याची आकारणी मीटरवर नसून अश्वशक्तीवर होते, त्याच्या बिलात पंप बदलल्याने एका पैशाचाही फरक पडत नाही. बचत होते ती वीज कंपनीची आणि अनुदान देणाऱ्या शासनाची. शेतकऱ्याच्या वाट्याला येते ती एकच शंका : नवा पंप बिघडला तर ऐन पाण्याच्या पाळीत तो कोण आणि किती दिवसांत दुरुस्त करील? प्रकल्पाच्या दृष्टीने हे देखभालीचे किरकोळ कलम; शेतकऱ्याच्या दृष्टीने संपूर्ण करार तेवढाच. ‘दुरुस्ती केली जाईल’ या कर्मणी वाक्याऐवजी तेथे कर्ता, मुदत आणि मुदत चुकल्यास द्यावयाची भरपाई लिहिली, तर त्याला निराळे सहभागी करून घेण्याची गरज क्वचितच भासेल.